वाट दाखवली म्हणजे डाव जिंकून दिला नाही

ऑनलाइन गेममध्ये दिशा दाखवणारा बाण आला, नकाशावर नवी खूण आली किंवा पावलांचा आवाज पडद्यावर चिन्हाने दिसू लागला, की जुन्या खेळाडूंची तक्रार ठरलेली असते : आता खेळण्यात राहिलं काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांनी रात्री जागून एकेक जग पायाखाली घातलं, ते तो घेतात. म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो.

ते म्हणतात, अनोळखी जगाची गोडी वाट सापडेपर्यंतच असते. २००४मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला तेव्हा कामगिरीचा मजकूर वाचून, खाणाखुणा जुळवत ठिकाण शोधावं लागे. डिसेंबर २००९च्या ३.३ आवृत्तीत ती ठिकाणं नकाशावरच दिसू लागली आणि पुष्कळांनी मजकूर वाचणं सोडलं. दुसरा मुद्दा स्पर्धेचा : मी कान टवकारून ऐकतो तेच दुसऱ्याला डोळ्यांपुढे आयतं मिळत असेल, तर सामना बरोबरीचा कसा? तिसरा मुद्दा दबक्या आवाजात येतो : या सोयींची खरी गरज असलेले अंध, बहिरे खेळाडू असून असून किती?

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. नकाशावरचा ठिपकाच सर्वस्व झाला की डोंगर-नद्या नुसत्या सजावटीपुरत्या उरतात. पण हा दोष ठिपक्याचा नाही, तो सगळ्यांच्या माथी मारण्याचा आहे. हवा त्याने चालू करावा, नको त्याने बंद ठेवावा, एवढ्यावर तो मिटतो. आणि या आक्षेपाच्या तळाशी एक चुकीचं गृहीतक आहे. डोळस खेळाडू कोणत्याही मदतीशिवाय खेळतो, असं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात तो खोलीत शिरतो तेव्हा दार, जिना, सोबती आणि शत्रू एका नजरेत टिपतो. ही सगळी माहिती गेम बनवणाऱ्यांनीच त्याच्यासाठी पडद्यावर मांडलेली असते. तिला कुणी सवलत म्हणत नाही. तीच माहिती अंध खेळाडूला कानाने द्या म्हटलं, की ती सवलत ठरते.

याचा उत्तम दाखला ऑनलाइन खेळांच्या मुळाशीच सापडतो. १९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा खेळ उभा केला. पुढे त्या धाटणीच्या सगळ्याच खेळांना मड म्हणू लागले. त्यांत चित्र नाही. खोलीचं वर्णन येतं, बाहेर पडायच्या दिशा येतात, आपण ‘उत्तर’ असं टाइप करायचं आणि पुढच्या खोलीत जायचं. सगळा खेळ अक्षरांचा असल्याने स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वाचून दाखवतो, म्हणून अंध खेळाडू तिथे वर्षानुवर्षं बरोबरीने खेळत आले. मग काही मडमध्ये नकाशे आले, तेही अक्षरांनीच काढलेले : खोलीसाठी कंस, वाटेसाठी आडव्या-उभ्या रेघा. डोळसाला पेठेचा आराखडा एका दृष्टिक्षेपात कळतो. स्क्रीन रीडर मात्र म्हणत राहतो : कंस सुरू, कंस पूर्ण, आडवी रेघ, आडवी रेघ, उभी रेघ, अधिक. ही जपमाळ संपेपर्यंत समोरच्याने दोन वार केलेले असतात. म्हणजे सर्वांच्या सोयीसाठी आणलेल्या नकाशानेच काहींना दाराबाहेर उभं केलं.

‘डिस्कवर्ल्ड मड’ने यावर उपाय काढला. तोच नकाशा तिथे वाक्यांतही मिळतो : उत्तरेला एक दार, दक्षिणेला वाट, दोन खोल्या पुढे अमुक माणूस. यामुळे एकाही राक्षसाची ताकद कमी झाली नाही, एकही कोडं सोपं झालं नाही. डोळसांना जे आधीपासून मिळत होतं, ते इतरांपर्यंत पोहोचलं, इतकंच.

आता स्पर्धेचा मुद्दा. त्यासाठी लांब जायला नको, आपल्याकडच्या पोरांच्या हातातला बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा गोळीबाराचा गेम पाहा. कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर जवळच्या शत्रूच्या पावलांची आणि गोळीबाराची खूण उमटते आणि ती सगळ्यांना दिसते. मोबाइलवर खेळणारा लोकलमध्ये असेल, त्याच्याकडे हेडफोन नसेल, घरात टीव्ही चालू असेल. तिथे फक्त कानावर हवाला ठेवणं अन्यायाचंच झालं असतं. त्या खुणेमुळे सामन्यातलं कसब गेलं, असं या पोरांपैकी कुणी म्हणत नाही. शत्रू उजवीकडे आहे हे कळलं. पण चाल करायची, भिंतीआड दम धरायचा की सोबत्याला वळसा घालायला पाठवायचं, हे खूण सांगत नाही. कबड्डीत चढाईला जाणाऱ्याला मैदानावरच्या रेघा स्पष्ट दिसतात, म्हणून त्याला गडी बाद करणं सोपं जात नाही. तसंच हे.

‘फोर्टनाइट’ने २०१८मध्ये आवाज दृश्यरूपात दाखवण्याची सोय आणली. निशाण्याभोवती वर्तुळात पावलं, गोळीबार, खजिन्याच्या पेट्या यांच्या खुणा दिसू लागल्या. बहिऱ्या खेळाडूंना प्रथमच पाठीमागून येणारा शत्रू कळू लागला. मग ऐकू येणाऱ्यांनीही ती सोय वापरायला घेतली आणि ही तर फसवणूक, अशी ओरड झाली. पण जे सर्वांना एका बटणावर उपलब्ध आहे, त्याला फसवणूक कशी म्हणायची? पडद्याचा उजेड वाढवणं किंवा बोटाच्या हालचालीचा वेग बदलणं, यांच्याच रांगेत ते बसतं.

सीमारेषा मात्र आहे आणि ती मी मानतो. इतरांना एका इंद्रियाने मिळणारी माहिती दुसऱ्या इंद्रियाकडे पोहोचवणं ही सोय. भिंतीपलीकडचा शत्रू, जो कुणालाच दिसत वा ऐकू येत नाही, तो दाखवणारं सॉफ्टवेअर ही लबाडी. या दोहोंची गल्लत आक्षेप घेणारे करतात. (हाताच्या हालचालीला मर्यादा असलेल्यांच्या नेम धरण्यातल्या मदतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.)

सोय या सीमारेषेच्या आत कशी बसते, ते २०२३च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ या मोटार शर्यतीच्या गेममध्ये दिसतं. तिथे अंध चालकांसाठी ध्वनिसंकेत आहेत. ब्रँडन कोल या अंध सल्लागाराच्या मदतीने ते घडवले गेले. वळण जवळ आलं, कोणत्या बाजूला आहे, गाडी रस्त्याच्या कडेला सरकते आहे का, हे आवाज सांगतात. गाडी हाकायची ती मात्र चालकानेच.

सोय केली की ती मूळ गरजवंतापाशी थांबत नाही, याचा मला सर्वांत पटलेला पुरावा म्हणजे ‘एपेक्स लेजंड्स’मधलं पिंग. फेब्रुवारी २०१९मध्ये आलेल्या या गेममध्ये जागेवर नेम धरून एक बटण दाबलं की सोबत्यांच्या पडद्यावर तिथे खूण उमटते आणि आपलं पात्र बोलतं : इथे शत्रू आहे, इथे बंदूक पडली आहे, तिकडे जाऊ या. माइक लागत नाही. बहिऱ्याला हे उपयोगी, बोलता न येणाऱ्याला उपयोगी. माइक उघडताच शिव्या ऐकाव्या लागणाऱ्या मुलीला उपयोगी. अनोळखी भाषेच्या स्क्वॉडमध्ये पडलेल्या नांदेडच्या मुलालाही उपयोगी. लवकरच ‘फोर्टनाइट’मध्येही तशी सोय आली. ऑगस्ट २०२१मध्ये ‘एपेक्स’ बाजारात आणणाऱ्या ईए कंपनीने या पिंगसह पाच पेटंट इतर कंपन्यांना विनामूल्य वापरायला खुली केली. नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात हे घडलं, ही मोठी गोष्ट आहे.

राहिला ‘असे किती’ हा प्रश्न. २०११च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. लाल शत्रू आणि हिरवा सोबती यांत फरक न कळणारे पुष्कळ रंगांध तर त्या आकड्यात नसणारच. आणि प्रश्न नुसत्या संख्येचा नाही, हक्काचाही आहे. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठीच्या २०१०च्या कायद्यातून गेमना मिळालेली सूट २०१८अखेर संपली आणि गेममधलं संभाषण सर्वांना वापरता येणं बंधनकारक झालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो खटला ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळखपडताळणीचा होता, गेमचा नव्हता, हे खरं. पण त्याच वर्षीच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन द्यायचं ठरवलं आहे. सरकार ज्याला खेळ म्हणतं, त्याच्या मैदानात उतरण्याचा हक्क सर्वांचा असायला हवा.

आज अँड्रॉइडवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर चालू करून बहुतेक गेम उघडले, तर टॉकबॅकला काहीच सापडत नाही. बटणं, नावं, यादी सगळं गेमने स्वतः रंगवलेल्या चित्रात असतं. वाचून दाखवण्याची सेटिंग कुठे असलीच, तर ती त्याच मुक्या मेन्यूच्या तिसऱ्या-चौथ्या थरात दडलेली असते, म्हणजे ती सुरू करायला आधी डोळस माणूस शोधायचा. गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर असलेल्या युनिटीने २०२३.२ आवृत्तीपासून मोबाइलच्या स्क्रीन रीडरशी जोडणी करण्याची साधनं दिली आहेत, तेव्हा तंत्र नाही ही सबब उरलेली नाही. पुण्या-मुंबईतल्या गेम कंपन्यांनी वाचून दाखवण्याचं बटण पहिल्याच पडद्यावर, लॉगिनच्याही आधी ठेवावं, आणि तिथला आवाज मराठीतही बोलावा. स्पर्धा भरवणाऱ्यांनी कोणत्या सोयी चालतील हे नियमपत्रिकेत नोंदणीच्या वेळीच छापावं. सामन्याच्या दिवशी पंचाच्या मर्जीवर सोडू नये.