गळू देण्यातले शहाणपण

पाणी उपसणाऱ्या यंत्राची खरी कसोटी कोठे लागते, असे कोणी विचारले, तर आपण बहुधा मोटारीकडे नाही तर पंख्याकडे बोट दाखवू. वास्तविक ती कसोटी लागते एका चिंचोळ्या फटीत. फिरणारा दांडा, म्हणजे कारागिरांच्या भाषेतला शाफ्ट, पंपाच्या पोटातून जेथे बाहेर येतो, तेथे त्याला मोकळेपणाने फिरता यावे म्हणून भोक थोडे सैल ठेवावे लागते. आणि भोक सैल ठेवले की पाणी त्यातून वाट काढते. दांड्याला वाट द्यावयाची आणि पाण्याची वाट अडवावयाची, अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. ती अल्प खर्चात कशी पुरविता येते, हे जाणून घेण्यासारखे आहे.

सर्वांत जुना व आजही सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ग्लँड. दांड्याभोवती एक पोकळ डबी ठेवावयाची, तीत चरबीत किंवा ग्रीसमध्ये भिजविलेल्या सुती दोरीची कडी बसवावयाची आणि वरून झाकण दोन नटांनी आवळावयाचे. दाबली गेलेली दोरी आडवी फुगते व दांड्याला बिलगते. हिशेबही शाळकरी मुलास जमेल असा आहे. दांडा ३० मिलिमीटर जाडीचा आणि डबीचा आतील व्यास ५० मिलिमीटर असेल, तर उरलेल्या २० मिलिमीटरचे निम्मे, म्हणजे १० मिलिमीटर जाडीची चौकोनी दोरी हवी. एका कड्याला सुमारे १२६ मिलिमीटर दोरी लागते. पाच कड्यांना पाऊण मीटरहून कमी.

मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा दांडा मिनिटाला २८८० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग दोरीवरून सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगाने घासत जातो. सायकल बऱ्यापैकी दामटली तर जो वेग येतो, तो हा. एवढ्या घर्षणाची उष्णता कोणी वाहून न्यावी? ती नेते गळणारे पाणीच. म्हणून ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हा दोष नव्हे, ती त्या रचनेची गरज होय. गळती दिसली की पाना घेऊन नट करकचून आवळणारा मनुष्य पाणी वाचवीत नाही. तो दोरी जाळतो, दांड्यावर चरे पाडतो आणि विजेचा भार वाढवितो. चरा पडलेल्या दांड्यावर नवी दोरीही टिकत नाही. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसभरात चार-साडेचार लिटर पाणी जाते. घागरीतले एवढे पाणी वाचविण्यासाठी दांडा गमावणे हा कोणता व्यवहार?

दोरी भरण्याचीही रीत आहे. प्रथम वीज बंद करून, कोणी ती चुकून चालू करणार नाही याची खात्री करावी. जुनी दोरी पूर्णपणे काढावी. नवी दोरी मळसूत्रासारखी गुंडाळू नये; प्रत्येक कडे वेगळे कापावे आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नये, नाही तर पाण्याला सरळ रस्ताच मिळतो. दोन्ही नट सारखे व प्रथम हातानेच आवळावेत. पंप सुरू झाल्यावर सुरुवातीस पाणी मोकळे गळू द्यावे आणि मग थोड्या थोड्या अवधीने, नटाचा एकेक पैलू फिरेल इतकेच आवळत जावे. एवढे करूनही गळती आवरत नसेल, तर दोष दोरीत नसून बहुधा वाकलेल्या दांड्यात किंवा झिजलेल्या बेअरिंगमध्ये असतो.

बाहेर येणारे पाणी दिसते. आत शिरणारी हवा मात्र दिसत नाही. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पंपाच्या पोटात, दांड्यापाशी, पुष्कळदा बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. तेथून हवा शिरली की पंप पाणी सोडून देतो आणि आपण उगाच फूटव्हॉल्व्हला दोष देतो. यावरचा उपायही स्वस्त आहे. दोरीच्या कड्यांमध्ये एक भोकाची धातूची कडी बसवून, पंपाच्या दाबाच्या बाजूचे थोडे पाणी बारीक नळीने तेथे आणून सोडावयाचे. हवेच्या वाटेवर मग पाण्याचाच पहारा बसतो.

दुसरी युक्ती याहून मनोहर आहे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली इंग्लंडमध्ये जलदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले, परंतु त्याच्या दांड्याभोवतीची गळती आवरेना. तेव्हा त्यांच्याकडील कारागीर हेन्री मॉड्स्ले यांनी वाटीच्या कडेप्रमाणे वळविलेले चामड्याचे कडे बसविले. पाण्याचा दाब वाढला की तोच त्या चामड्याच्या ओठाला दांड्यावर अधिक दाबतो. दाब ओसरला की पकडही सैल होते. शत्रूलाच पहारेकरी नेमण्याचा हा प्रकार! आपल्या हातपंपातील चामडी वायसर याच तत्त्वावर चालतो. सोलापूर व जालना येथील पंपांच्या अनुभवातून १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप सिद्ध झाला. त्यातही प्रथम चामड्याच्या वाट्या होत्या, पुढे रबराच्या आल्या.

मोटारगाडीतील ऑईल सील हाही ओठच. तो स्वस्त व सर्वत्र मिळणारा. परंतु साध्या सीलला तीन-चार मीटर उंचीच्या पाण्याहून अधिक दाब सोसत नाही, आणि वाळू व कोरडेपणा यांशी त्याचे वैर. म्हणून चतुर रचनाकार आधी दाब कमी करतो. दांड्याभोवती लांब व अरुंद फटीचे बुश बसविले की पाण्याचा जोर वाटेतच मोडतो. दोन सील पाठीला पाठ लावून मध्ये ग्रीस भरले की कोरडेपणाही टळतो. दांड्यावर बदलता येणारी नळी, म्हणजे स्लीव्ह, चढविली की झीज त्या नळीची होते, दांडा वाचतो. आणि सर्वांत स्वस्त सील कोणते? मुळीच नसलेले! पंप पाण्यात बुडवून, उभा दांडा वर आणून मोटार कोरड्या जागी ठेवली, की दांडा बाहेर पडतो तेथे पाण्याचा दाबच उरत नाही.

स्वस्ताईला एक मर्यादा मात्र पाळावी. पूर्वी अॅस्बेस्टॉसची दोरी सर्रास वापरीत. तिचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन कर्करोगासारखे दुर्धर विकार जडवितात, हे आता निर्विवाद आहे. जुन्या पंपातील अशी दोरी कोरडी कुरतडून काढू नये, फुंकर तर मुळीच मारू नये. ती ओली करून काढावी आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. पाण्याच्या पंपाला ग्रीस लावलेली सुती दोरी पुरेशी असते.

बेळगावात १८८८ साली सायकलीच्या दुकानापासून उद्योगाचा आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या या मुलखात पंप ही काही नवलाची वस्तू नाही. तरीही नवा पंप घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, किंमत विचारतो. ग्लँडची दोरी किती जाडीची आणि दांड्यावर स्लीव्ह आहे की नाही, हे विचारीत नाही. यापुढे तेवढे अवश्य विचारावे. जी वस्तू झिजणारच, ती स्वस्त व बदलता येण्याजोगी असावी, म्हणजे महाग वस्तू टिकते. हंगामाच्या ऐन भरात पिकाला पाणी मिळणे वा न मिळणे कधी कधी त्या पाऊण मीटर दोरीवरच अवलंबून असते.