विश्लेषण : क्लबने आपलेच स्टेडियम आपल्याच मालकाला विकले! इंग्लिश फुटबॉलमधील ही पळवाट नेमकी काय?

डर्बी, शेफील्ड वेन्सडे, चेल्सी… तोटा दाखवायचा नसेल तर स्वतःचीच मालमत्ता स्वतःलाच विका, हा मार्ग अनेक क्लबांनी अवलंबला. नियमाच्या चौकटीतला हा व्यवहार काही क्लबांना मात्र चांगलाच महागात पडला.

इंग्लंडमधील शेफील्ड वेन्सडे हा १८६७ मध्ये स्थापन झालेला फुटबॉल क्लब २४ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रशासकांच्या ताब्यात गेला. देणी भागवता येत नसलेल्या कंपनीचा कारभार मालकाकडून काढून प्रशासकांकडे सोपवला जातो, तशी ही प्रक्रिया. पण त्या दिवशी प्रशासक एकाच कंपनीवर नेमले गेले नाहीत. एक कंपनी होती फुटबॉल क्लबची. दुसरी होती ‘शेफील्ड ३ लिमिटेड’. या दुसऱ्या कंपनीचा ना संघ, ना खेळाडू. तिच्याकडे होते ते क्लबचे हिल्सबरो हे स्टेडियम. जे मैदान १८९९ पासून वेन्सडेचे घर आहे, ते वेन्सडेच्या मालकीचे उरलेच नव्हते. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर सात-आठ वर्षे मागे जावे लागते.

तोट्यावर मर्यादा कशासाठी?

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खालची श्रेणी म्हणजे चॅम्पियनशिप. या श्रेणीतून वर गेले की टीव्ही हक्कांच्या पैशांचा पाऊस पडतो. त्यामुळे वर जाण्याच्या आशेने क्लब झेपणार नाहीत असे पगार देतात. अनेक क्लबांचा पगारावरचा खर्चच एकूण उत्पन्नापेक्षा जास्त असतो. हा जुगार आवरण्यासाठी इंग्लिश फुटबॉल लीगने (ईएफएल) नियम केला, की तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा चालणार नाही. प्रीमियर लीगमध्ये हीच मर्यादा साडेदहा कोटी पौंड होती. मर्यादा ओलांडली तर गुण कापले जाण्याची टांगती तलवार.

मालक कितीही श्रीमंत असला तरी त्याने ओतलेला पैसा क्लबचे ‘उत्पन्न’ धरला जात नाही. मालमत्ता विकून झालेला नफा मात्र तेव्हा उत्पन्नात धरला जात होता. पळवाट होती ती इथेच.

व्यवहार चालतो कसा?

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्याचे दुकान तोट्यात आहे. दुकानाचा गाळा धंद्याच्या नावावर आहे आणि हिशेबाच्या वहीत त्याची जुनी, कमी किंमत लिहिलेली आहे. मालक काय करतो, तर तो गाळा आजच्या बाजारभावाने स्वतःच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर करून घेतो. जुनी किंमत आणि नवी किंमत यातला फरक दुकानाच्या वहीत ‘नफा’ म्हणून चढतो. गिऱ्हाईक एकही वाढलेले नाही, विक्री होती तेवढीच आहे, तरीही दुकान त्या वर्षी नफ्यात! पुढच्या महिन्यापासून मात्र दुकानाला त्याच गाळ्याचे भाडे भरावे लागते. आणि असा गाळा विकता येतो एकदाच.

डर्बी काउंटीने २०१८ मध्ये नेमके हेच केले. क्लबचे मालक मेल मॉरिस यांच्या कंपनीने प्राइड पार्क स्टेडियम ८ कोटी ११ लाख पौंडांना घेतले. वहीतील किंमत होती सुमारे ४ कोटी १० लाख. म्हणजे जवळपास ४ कोटी पौंडांचा नफा एका सहीने. त्या वर्षी डर्बीने सुमारे १ कोटी ४६ लाख पौंडांचा नफा जाहीर केला. स्टेडियमची विक्री वगळली तर तो मोठा तोटा होता. रेडिंग, बर्मिंगहॅम सिटी, अ‍ॅस्टन व्हिला यांनीही त्याच काळात आपापली मैदाने मालकांशी संबंधित कंपन्यांना विकली.

स्टेडियमची किंमत फुगवली, असा आरोप ईएफएलने डर्बीवर ठेवला. पण २०२० मध्ये स्वतंत्र शिस्तपालन आयोगाने तो फेटाळला. व्यवहार नियमात बसत होता. गडबड नियमातच होती, असे म्हणणे जास्त योग्य ठरेल.

वेन्सडेचे गणित कुठे चुकले?

शेफील्ड वेन्सडे २०१५ मध्ये थायलंडचे देज्फोन चान्सिरी यांनी विकत घेतला. डबाबंद टूना माशांच्या व्यवसायात जगात आघाडीवर असलेल्या ‘थाय युनियन’च्या कुटुंबातील हे गृहस्थ. २०१६ मध्ये प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात आणि २०१७ मध्ये उपांत्य फेरीत संघ हरला. प्रीमियर लीगचे दार दोनदा थोडक्यात हुकले आणि पगाराचा डोंगर मात्र तसाच राहिला.

मग हिल्सबरो विकले गेले, सुमारे ६ कोटी पौंडांना. घेणारी कंपनी अर्थातच चान्सिरी यांचीच आणि पैसे हप्त्यांनी. यातून साधारण ३ कोटी ८० लाख पौंडांचा नफा २०१७-१८ च्या ताळेबंदात दिसला. इथे वेन्सडे अडकला तो किमतीवरून नव्हे, तारखेवरून. मालकी हस्तांतराची सरकारी नोंद झाली २०१९ च्या जूनमध्ये, पण नफा धरला आदल्या हिशेबात. आयोगाने तो त्या वर्षात धरता येणार नाही असे ठरवले आणि १२ गुण कापले. अपिलात ते सहावर आले.

सहा गुण म्हणजे काय, ते ८ मे २०२१ रोजी कळले. हंगामाचा शेवटचा दिवस, मैदान प्राइड पार्क आणि आमनेसामने डर्बी व वेन्सडे. आपापली स्टेडियम आपल्याच मालकांना विकलेले दोन क्लब श्रेणी टिकवण्यासाठी लढत होते! सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. डर्बीचे ४४ गुण झाले आणि तो वाचला. वेन्सडेने मैदानावर ४७ गुण कमावले होते, पण तक्त्यात दिसले ४१. संघ सर्वांत तळाला राहून तिसऱ्या श्रेणीत घसरला. ते सहा गुण असते, तर त्या दिवशी डर्बी खाली गेला असता.

डर्बीचा आनंदही चार महिनेच टिकला. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब प्रशासकांकडे गेला आणि १२ गुण कापले गेले. नोव्हेंबरमध्ये हिशेबपद्धतीच्या जुन्या प्रकरणात आणखी नऊ. एकूण २१ गुणांचे ओझे घेऊन संघ २०२२ मध्ये खाली गेलाच. विक्रीचा खरा चटका तर पुढे बसला. क्लब घ्यायला येणाऱ्याला खेळाडू आणि नाव मिळत होते, मैदान नाही. ते मॉरिस यांच्याकडे होते आणि त्यावर वेगळे कर्ज होते. म्हणजे सौदा दोन दारांवर करायचा. शेवटी डेव्हिड क्लाउज या स्थानिक बांधकाम व्यावसायिकाने २०२२ च्या उन्हाळ्यात आधी स्टेडियम आणि मग क्लब घेतला, तेव्हा दोन्ही पुन्हा एकत्र आले. ते डर्बीचे जुने चाहते. असा गिऱ्हाईक प्रत्येक गावाला मिळत नाही.

ईएफएलने २०२१ मध्ये नियम बदलून मैदानविक्रीचा नफा तोट्याच्या गणितातून वगळला. पण विकली गेलेली मैदाने विकलेलीच राहिली.

मालकाकडचे पैसे आटले की काय होते?

वेन्सडे २०२३ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये परतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चान्सिरी यांनी कर आणि पगार भागवण्यासाठी चाहत्यांनाच साद घातली. २० हजार जणांनी प्रत्येकी १०० पौंड दिले तर २० लाख होतात, असा त्यांचा हिशेब. चाहते आधीच महागड्या तिकिटांवरून संतापले होते, त्यांना तो जखमेवरच्या मिठासारखा वाटला.

२०२५ मध्ये खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार वारंवार रखडले. ईएफएलने नवे खेळाडू घेण्यावर निर्बंध आणले, प्रशिक्षक सोडून गेला. जुलैमध्ये सुरक्षेच्या कारणावरून शेफील्ड महापालिकेने हिल्सबरोच्या नॉर्थ स्टँडच्या वापरास मनाई केली. १९८९ मध्ये याच मैदानावरील चेंगराचेंगरीने पुढे ९७ बळी घेतले, हे लक्षात घेतले तर या शहरात असा आदेश किती गंभीरपणे घेतला जातो ते कळते. दुरुस्ती करणार कोण? क्लब भाडेकरू, स्टेडियमची कंपनी वेगळी आणि दोन्हींच्या मागे पैसे थकलेला एकच माणूस.

प्रशासक आल्यावर १२ गुण गेले, डिसेंबरमध्ये थकबाकीच्या प्रकरणात आणखी सहा. चान्सिरी यांना तीन वर्षे ईएफएलमधील क्लबची मालकी घेण्यास बंदी घालण्यात आली. ज्या चाहत्यांनी सामन्यांवर बहिष्कार टाकला होता, ते मालक जाताच तिकिटांसाठी रांगेत उभे राहिले. स्टेडियमची कंपनीही त्याच प्रशासकांकडे आल्याने क्लब आणि मैदान एकत्र विकणे शक्य झाले. म्हणजे विक्रीमुळे झालेली फाटाफूट सांधली जाण्याची वाट दिवाळखोरीतून निघाली.

मग चेल्सीने काय विकले?

प्रीमियर लीगने ही पळवाट बंद केली नव्हती. २०२४ च्या जूनमध्ये तसा प्रस्ताव क्लबांसमोर आला, पण २० पैकी आवश्यक १४ मते मिळाली नाहीत. चेल्सीने तिचा पुरेपूर वापर केला. आधी स्टॅमफर्ड ब्रिजच्या आवारातील दोन हॉटेले समूहातीलच कंपनीला ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली. मग जून २०२४ अखेरीस, आर्थिक वर्ष संपायला दोन दिवस असताना, महिला संघच मूळ कंपनी ‘ब्लूको’कडे वळवला. त्यातून दाखवलेला नफा जवळपास २० कोटी पौंड! त्या वर्षी चेल्सीचा करपूर्व नफा होता १२ कोटी ८४ लाख. महिला संघाची विक्री वजा केली की आकडा तोट्यात जातो.

किंमत अवाच्या सवा होती का? चेल्सीचे समर्थक एका व्यवहाराकडे बोट दाखवतात. २०२५ मध्ये ‘रेडिट’चे सहसंस्थापक अलेक्सिस ओहानियन यांनी सुमारे २ कोटी पौंड देऊन महिला संघात छोटा हिस्सा घेतला, तो याच मूल्यांकनाच्या आसपास. मुद्दा बिनतोड नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. युरोपीय महासंघ ‘युएफा’ला मात्र किमतीशी देणेघेणे नव्हते. भगिनी कंपन्यांमधील अशा विक्रीचा नफा तिथे धरलाच जात नाही. त्यामुळे जुलै २०२५ मध्ये चेल्सीला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. सुधारणा झाली नाही तर आणखी सहा कोटी. एकच ताळेबंद लंडनमध्ये उत्तीर्ण आणि युएफाच्या दारात नापास.

प्रीमियर लीग २०२६-२७ पासून नवी पद्धत आणत आहे. संघावरचा खर्च फुटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंतच, असे हे सूत्र. त्यात हॉटेल विकून हात मोकळा होणार नाही.

पुण्याचा संबंध काय?

महाराष्ट्रातील वाचकांना इंग्लिश क्लब मालकीचे सर्वांत जवळचे उदाहरण ब्लॅकबर्न रोव्हर्सचे. १९९५ चा हा प्रीमियर लीग विजेता नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या ‘वेंकीज’ समूहाने घेतला. अंडी-कोंबड्यांच्या व्यवसायातले मालक म्हणून चाहत्यांनी टिंगलही कमी केली नाही. २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून घसरला, त्या सामन्यात कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडीच मैदानात सोडली होती.

वेंकीजवरचा आक्षेप चान्सिरींपेक्षा वेगळा आहे. त्यांनी क्लब लुबाडला, असे कोणी म्हणत नाही. उलट पंधरा वर्षांत २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम पुण्याहून तिकडे गेली. सरावकेंद्राची जागा याच काळात मालकांच्या कंपनीकडे गेली खरी, पण इवूड पार्क हे मैदान क्लबकडेच आहे. अडचण आहे ती परावलंबित्वाची. ईडीच्या चौकशीनंतर पैसे पाठवण्यासाठी समूहाला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली आणि तेवढ्याच रकमेची बँक हमी द्यावी लागली. दिल्लीतली तारीख पुढे गेली की लँकेशायरमधल्या क्लबचे अंदाजपत्रक अडायचे. २०२५ मध्ये ब्लॅकबर्नने महिला संघ दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून काढून घेतला, कारण तिथल्या निकषांवरचा खर्च परवडत नव्हता. एका क्लबचा महिला संघ वहीत २० कोटींचा, दुसऱ्याला तो फुकटही जड. तोही एकाच देशात, वर्षभराच्या अंतराने.

नवा कायदा काय रोखणार?

ब्रिटनमध्ये जुलै २०२५ मध्ये ‘फुटबॉल गव्हर्नन्स अ‍ॅक्ट’ला राजमान्यता मिळाली. पुरुषांच्या पहिल्या पाच श्रेणींतील क्लबांवर देखरेखीसाठी स्वतंत्र नियामक आला आहे. यापुढे क्लबला आपले मैदान विकायचे असेल किंवा तारण ठेवायचे असेल तर नियामकाची मंजुरी लागेल. नवा मालक कोण, त्याचा पैसा कुठला, हेही तो तपासेल. मात्र ही मंजुरी मैदानापुरती आहे. हॉटेल, वाहनतळ, सरावकेंद्र यांना हे कुंपण नाही.

गंमत म्हणजे या सगळ्यात चेल्सीला जे कधीच स्वतःला विकता येणार नाही, ते आहे स्टॅमफर्ड ब्रिजचे मैदान. १९९० च्या दशकात बिल्डरच्या तावडीतून वाचवण्यासाठी ते ‘चेल्सी पिच ओनर्स’ या चाहत्यांच्या ना-नफा कंपनीकडे देण्यात आले. क्लबच्या ‘चेल्सी एफसी’ या नावाचा हक्कही तिच्याकडेच आहे. २०११ मध्ये तेव्हाचे मालक रोमान अब्रामोविच यांच्या काळात ते परत विकत घेण्याचा प्रस्ताव आला. मंजुरीसाठी ७५ टक्के मते लागत होती. शेअरधारक चाहत्यांनी ती दिली नाहीत.