गणपूर्ती कागदावर नको, पारावर हवी

लोकशाहीचा विचार करताना आपली दृष्टी प्रथम दिल्ली-मुंबईकडे वळते. संसदेत गदारोळ झाला की घरोघरी चर्चा रंगते. पण स्वतःच्या गावाची ग्रामसभा कधी भरली आणि कधी आटोपली, हे अनेकांच्या गावीही नसते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा घ्या किंवा राज्यातील दुसरे कोणतेही मोठे गाव घ्या. तेथील कारभाराचे बरेवाईट याच सभेत ठरायला हवे.

नियम सुस्पष्ट आहेत. २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुरेशा कारणाविना त्या टाळणाऱ्या सरपंचाचे पद धोक्यात येते. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरेशी असते. म्हणजे हजारो मतदारांच्या गावातही शंभर माणसे जमली की सभा वैध! तेवढीही न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही.

खरी मेख येथेच आहे. गावाचे काम अडून राहू नये, म्हणून ही सवलत दिली गेली. परंतु अपवादाचीच वहिवाट झाली तर काय होते? पहिली सभा ओस पडते आणि दुसऱ्या सभेत मूठभर मंडळी घरकुलांची यादी नि विकास आराखडा संमत करून मोकळी होतात. ज्या विधवेचे नाव यादीतून गळले, ज्या वस्तीपर्यंत नळ पोहोचला नाही, त्यांच्या बाजूने बोलणारे तेथे कोणीच नसते. अशा ठरावाला कायद्याचे कवच लाभते, लोकमताचे बळ मात्र लाभत नाही.

हे नियम परकीयांकडून उसने आणलेले आहेत, असे मानण्याचे कारण नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखांत ग्रामसमित्यांच्या निवडीची तपशीलवार नियमावली कोरलेली आहे. सदस्यत्वासाठी ३५ ते ७० वर्षे वयाची मर्यादा होती. पूर्वी समितीवर राहून हिशेब न देणारा माणूसच नव्हे, तर त्याचे नातलगही अपात्र ठरत. हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी जे दगडावर कोरले, ते आपण कागदावरही पाळू नये?

आजचा कायदाही गावाला मोठा अधिकार देतो. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव संमत केला, तरी अंतिम कौल विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानानेच घ्यावा लागतो. ज्या सभेच्या हाती एवढी शक्ती, तिच्याकडेच आपण पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे. सभेची तारीख वस्तीवस्तीत पोहोचवा. नियमित ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिलांच्या सभेला माता-भगिनींना आवर्जून घेऊन या. सह्या सभेतच होतील आणि ठराव उठण्यापूर्वी वाचून दाखवला जाईल, एवढे पाहा. जातपात आणि पक्ष विसरून शंभर माणसे एकत्र बसली, तर समरसतेचे वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. राष्ट्रउभारणीचे काम गावाच्या पारापासूनच सुरू होते.