ओलं झालेलं लेकराला कळू द्या

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीत शिलाई मशीन चालवणाऱ्या माझ्यासारख्या बाईकडे लोक ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश घेऊन येतात. अलीकडे त्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. लेकराची ‘ट्रेनिंगवाली’ चड्डी. पुण्या-नागपूरकडची नणंद व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवते. फुलाफुलांची, मधे जाड गादी असलेली चड्डी असते. किंमत बघून आईचे डोळे पांढरे होतात आणि ती फोन घेऊन माझ्या दारात येते. “मावशी, अशीच शिवून दे ना वो. पण थेंबही बाहेर नाही आला पाहिजे.”

या शेवटच्या वाक्यावर माझं आणि तिचं वाजतं. थेंबही बाहेर यायला नको असेल तर दुकानातून डायपर आण, मशीनचा खर्च कशाला? सवय लावायच्या चड्डीचं काम घरातली चटई वाचवणं हे नाही. शू झाली की लेकराला गार, चिकट, नकोसं वाटलं पाहिजे. त्यानं खाली पाहिलं पाहिजे. दोन्ही पाय फाकवून जागच्या जागी उभं राहिलं पाहिजे. शहरातल्या कंपनीचा माल असो की माझ्या हातचा, ही ओल जी चड्डी लपवते ती कापडी असली तरी डायपरच.

डायपरमध्ये एक पांढरी भुकटी असते, सोडियम पॉलिअॅक्रिलेट. पाणी लागलं की ती फुगून तिची जेली होते आणि कातडीला लागणारा वरचा थर कोरडा राहतो. रात्रीच्या प्रवासाला, आजारपणात, एसटीत मांडीवर लेकरू घेऊन बसताना ही मोठी सोय आहे. मी तिला नावं ठेवणार नाही. पण दीड-दोन वर्षं दिवसरात्र कोरडंच वाटलेल्या लेकराला ‘शू आली तर सांग’ म्हणायचं, तर ते काय सांगणार? शू येण्याआधीची कळ आणि नंतरची ओल यांची सांगड त्याच्या डोक्यात बसलेलीच नसते.

घाईही नको, हे मी पहिल्यांदा सांगते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली ११७० मुलांच्या नोंदींवरून लिहिलं होतं की लेकरू तयार असल्याच्या खुणा दिसल्या की मगच शिकवायला घ्यावं, जबरदस्ती करू नये. साधारण दीड वर्षापासून तीन वर्षांपर्यंत या खुणा दिसतात. दोनेक तास चड्डी कोरडी राहते, शी करताना लेकरू दाराआड जातं, ‘झालं’ म्हणून सांगतं, स्वतःची चड्डी ओढायला लागतं. पुढे १९९८ च्या सुमारास हेच डॉक्टर पॅम्पर्सच्या मोठ्या मापाच्या डायपरच्या जाहिरातीत दिसले आणि तिकडे बराच वाद झाला. सल्ला खरा होता, पण विकणाऱ्याच्याही सोयीचा होता. ‘तयार होईल तेव्हा होईल’ म्हणत पाकीट आणत राहायचं आणि ते तयार व्हायला लागणारी ओल मात्र पाकिटातच जिरवायची, असा तो मामला.

आपल्याकडच्या बाया हे काम फार आधी सुरू करायच्या. अंगणात बसून दोन्ही पाय लांब करायचे, पावलांच्या मधे लेकराला बसवायचं आणि ‘श्शूऽऽ’ करायचं. मान धरायला लागलेलं लेकरूही त्या आवाजाला धार सोडतं. माझ्या सासूबाईंच्या पायांवर घरातली सगळी पोरं बसली. खाली एखादं दुपटं किंवा लंगोट, तेही जुन्या लुगड्याचं. ओलं झालं की लगेच काढायचं, कारण बदललं नाही तर पुढचं रडणं आपल्यालाच ऐकायचं.

मग लंगोट गेला कुठे? आया आळशी झाल्या, असं म्हातारी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्याकडे जुनी लुगडी येतात तेव्हा मी हातात घेऊन पाहते. दहातली नऊ सिंथेटिक असतात. त्या कापडाचा लंगोट शू पितच नाही, ती मांडीवरून सरळ खाली जाते. पाण्यानं मऊ झालेलं सुती लुगडं आणि धोतर घरोघरी होतं तोवर लंगोट फुकट होता. आता सुती कापड विकत आणावं लागतं आणि ज्या घरात रोजीवर चूल पेटते तिथं लेकराच्या शूसाठी कापड कोण विकत आणणार? दुकानात सुटा डायपर मात्र एक-एक मिळतो. मजूर बाईला हजार रुपयांच्या चड्ड्या एकदम घेता येत नाहीत, पण एक डायपर आज घेता येतो.

म्हणून मी चड्डी कशी शिवते ते सांगते. कोणाही शिंपीणबाईला जमेल.

वरचं कापड बनियनचं, म्हणजे सुती होजिअरी. आत फक्त मधल्या पट्टीत टॉवेलच्या कापडाचे दोन थर, फार तर तीन. मुलाला जाडी पुढे हवी, मुलीला मधे आणि थोडी मागे. पट्टीच्या चारही बाजू वरच्या कापडाला पक्क्या शिवायच्या नाहीत. एक टोक मोकळं ठेवायचं, म्हणजे धुतल्यावर ती जिभेसारखी बाहेर लोंबते आणि लवकर वाळते. पीयूएल नावाचं एक न पाझरणारं कापड मिळतं. ते मधे घालावं म्हणून बऱ्याच जणी हट्ट करतात. दिवसाच्या चड्डीत मी ते घालत नाही. ज्याची चटई खरंच महागाची आहे त्यानं चटई उचलून ठेवावी.

सगळ्यात महत्त्वाचं कमरेचं इलॅस्टिक. बाजारातल्या चड्डीचं इलॅस्टिक बहुतेक वेळा घट्ट असतं, कारण गळू नये ही त्यांची चिंता. पण दोन वर्षांच्या पोरीला अंगठे आत घालून ती स्वतः खाली सरकवता आली पाहिजे. नाही आली तर ती धावत मोरीपर्यंत येते, चड्डीशी झटते आणि दारातच शू होते. मग मार तिलाच बसतो. माप घेताना वय विचारू नका, कंबर आणि मांडी मोजा. आमच्याकडे तीन वर्षांचं लेकरू कितीदा दोन वर्षांच्या अंगाचं असतं. मांडीत बोट सहज फिरलं पाहिजे. नाडी, बटण, हुक काही नको. ते सगळं आईच्या हाताचं काम आहे, लेकराच्या हाताचं नाही.

सहा-आठ चड्ड्या असल्या की दिवस निघतो. टॉवेलचं नवं कापड पहिल्यांदा पाणी ढकलतं, म्हणून वापरण्याआधी दोन-तीन वेळा धुवून घ्यावं. धुतल्यावर सुगंधी मऊ करणाऱ्या औषधात बुडवू नये. त्याचा थर बसला की कापड शू पीत नाही. कडक ऊन हेच औषध.

आणि ऊन म्हटलं की आमच्या भागाची खरी अडचण येते. आषाढ-श्रावणात, रोवणा म्हणजे धानाची लावणी सुरू असताना, इथं कापड वाळत नाही. सगळं घर धानाच्या बांधीत चिखलात उभं असतं, घरी एक म्हातारी आणि दोन लेकरं. तेव्हा कोणी डायपर लावला तर मी चकार शब्द काढणार नाही. सवय लावायला रोवण्याचे दिवस धरूच नयेत. कडाक्याची थंडीही नको. गोंदियाची थंडी ज्यानं पाहिली आहे त्याला कारण सांगायला नको, शिवाय थंडीत शूही जास्त होते. होळीच्या पुढे मागे सुरू करावं. अंगण कोरडं असतं, लेकरू अर्धा दिवस उघडंच फिरतं, चड्डी तासाभरात वाळते. नंतर मोहफुलाला आणि तेंदूपत्त्याला आया पहाटेच बाहेर पडतात, म्हणून घरातल्या म्हातारीला आणि थोरल्या पोरीला तोवर सगळं माहीत असलं पाहिजे.

पण होळीच्या याच दिवसांत केशोरीत मिरची असते. आमची मिरची नावाजलेली आहे आणि तोडायला, देठ खुडायला हात लागतात ते बायांचेच. मिरचीच्या हातानं लेकराची चड्डी बदलली की काय होतं हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे. नुसतं पाणी लावून तिखटपणा जात नाही. आधी गोडं तेल चोळायचं, मग साबण, मग लेकराला हात लावायचा. एकदा आग झालेलं लेकरू मोरीचं नाव काढलं तरी पाय आखडतं आणि शी दाबून ठेवतं. शी दाबली की ती घट्ट होते, घट्ट झाली की दुखते, दुखली की लेकरू आणखी दाबतं. मग घरातले म्हणतात, पोर हट्टी आहे.

लेकराला शी-शूला बसवायच्या प्लास्टिकच्या भांड्याबद्दल मला फार बोलायचं नाही. गाणं वाजवणारं, बदकाच्या तोंडाचं, कशाचीच गरज नाही. साधं, बुडाला रुंद, लेकराचे पाय जमिनीला टेकतील असं असलं की झालं. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसवावं, कारण पोटात अन्न पडलं की आतडं हलतं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठवावं. मुलीला धुताना हात पुढून मागे न्यावा. रात्रीचं कोरडं राहणं वेगळं असतं, ते उशिरा येतं. पाच वर्षांचं लेकरू अंथरूण ओलं करत असेल तर त्याला शेजारणीसमोर लाजवू नये.

भांड्यातली शी कुठे जाते, हे मात्र विचारलं पाहिजे. स्वच्छ भारत अभियानात घरोघरी १२ हजार रुपयांच्या मदतीनं शौचालयं झाली. पण त्या शौचालयांची पायठणं मोठ्या माणसाच्या मापाची. दोन वर्षांच्या लेकराचे पाय तिथं पुरत नाहीत आणि मधल्या भोकाला ते भितं. म्हणून ते अंगणात, गटारीच्या काठी बसतं आणि ‘लेकराची शी, तिचं काय’ म्हणत वर राख टाकली जाते. लेकराच्या शीत मोठ्यांच्या शीइतकेच जंतू असतात. तीही संडासातच गेली पाहिजे.

डायपर तर तिथंही जात नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे डायपर बनवणाऱ्यानं तो गुंडाळायला सोबत पिशवी द्यायची होती आणि वापरणाऱ्यानं तो गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायचा होता. खेड्यात सुका कचरा म्हणजे घरामागचा उकिरडा. उन्हाळ्यात तिथलं खत बंडीनं बांधीत जातं आणि रोवणा करताना पायाला त्या प्लास्टिकच्या चिंध्या लागतात. बाळाच्या डायपरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आयांना दिलासा मिळाला, ठीक आहे. पण स्वस्त झालेला डायपर शेवटी कुठे जाऊन पडणार, याचा विचार करणं गावावरच आलं.

अंगणवाडीत तीन वर्षांपासूनची लेकरं बसतात. शू सांगता न येणारं लेकरू सेविकेला आणि मदतनीसबाईला जड जातं, हे मी समजू शकते. खिचडी शिजवायची, वजनं घ्यायची, रजिस्टर लिहायचं आणि वर वीस पोरांच्या चड्ड्या. म्हणून कुठे कुठे आईला सांगितलं जातं, ‘सांगायला लागलं की आण.’ आई मजुरीला जायची असते, लेकरू घरी राहतं, नाहीतर डायपर घालून पाठवलं जातं. केंद्र सरकारनं अंगणवाडीच्या शौचालयासाठी खर्चाची मर्यादा १२ हजारांवरून ३६ हजार रुपये केली, चांगलं झालं. पण ते शौचालय वापरायला शिकेपर्यंत लेकरानं काय घालायचं, याची तरतूद कुठल्याच कागदात मला दिसली नाही.

माझी मागणी छोटी आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून प्रत्येक अंगणवाडीत सुती चड्ड्यांचा एक साठा ठेवावा. आई बदलायला कापड देऊ शकली नाही तरी अंगणवाडीत कोरडी चड्डी मिळेल. दीड-दोन वर्षांच्या लेकरांच्या आया घरी न्यायचा आहार घ्यायला येतात, त्याच दिवशी त्यांनाही चार-चार द्याव्यात. शिवायचं काम बचत गटाला. एका चड्डीला कापड, इलॅस्टिक, दोरा धरून मला चाळीसेक रुपये पडतात, कापड ठोक आणलं तर कमी. मदतनीसबाईला धुण्याचं काम वाढेल, तर तिचे पैसे वाढवा. तिच्याकडून फुकट करून घेणार असाल तर ही योजना नकोच.

यावर एक सदस्य मला म्हणाले, “बाई, ग्रामसभेत रस्ता, नाली सोडून चड्ड्यांचा विषय काढाल तर लोक हसतील.” हसू द्या. २६ जानेवारीच्या सभेला मी तीन प्रकारच्या तीन चड्ड्या आणि एक पाण्याचा तांब्या घेऊन जाणार आहे. एक बाजारातली, एक पीयूएलची, एक माझी. तिन्हींवर पाणी ओतून सदस्यांच्या हातात देईन आणि ओली कोणती ते त्यांनीच सांगावं.