मैल्याची जागा मातीत आहे, नदीत नाही

मानवी मलमूत्रातले नत्र, स्फुरद आणि पालाश शेतात परत गेले पाहिजे, असे म्हटले की नाके मुरडली जातात. त्यामागचे आक्षेप मात्र गंभीर आहेत. त्यांना उत्तर दिल्याशिवाय सोनखताची बाजू मांडण्याचा अधिकार कुणालाच नाही.

पहिला आक्षेप रोगराईचा. ताजा मैला पिकाला घालणे घातकच. जंतांची अंडी मातीत कित्येक महिने तग धरतात. पण आज काय चालले आहे? पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठा आणि पवनेतून भीमेत उतरते आणि उजनीच्या जलाशयात जलपर्णी माजते. ज्या नत्र-स्फुरदावर ती पोसते, तेच काठावरचा शेतकरी पोत्यांनी विकत आणतो. वर त्याच पाण्याचा उपसा करून ऊस आणि भाजीपाला भिजवतो. म्हणजे मैला आपल्या ताटापर्यंत आजही पोचतो, फक्त बेहिशेबी आणि अर्धाकच्चा. जागतिक आरोग्य संघटनेची 2006 सालची मार्गदर्शक तत्त्वे यावर नेमकी वाट दाखवतात: वीस अंश किंवा त्याहून अधिक तापमानात लघवी बंद टाकीत सहा महिने साठवली, तर ती कोणत्याही पिकाला देता येते. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे कोरडा व बंद राहिला, की आतल्या मैल्याचे खत होते. रोगाची भीती खरी असेल, तर आग्रह अशा प्रक्रियेचा धरायला हवा.

दुसरा आक्षेप त्याहून मोठा आहे. सोनखत म्हटले की ज्यांच्या घरातल्या बायकांनी डोक्यावर मैल्याची पाटी वाहिली, त्यांच्या काळजात कळ उठते. उठलीच पाहिजे. पण तो गुन्हा खताचा नव्हता. एका जातीवर लादलेल्या कामाचा आणि ते लादणाऱ्या समाजाचा होता. कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी हे ओळखले होते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले, तेव्हा ब्राह्मण म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांनी उपोषण केले. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करणारा संडास घडवला. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी तोच धागा पुढे नेत संडासाला बायोगॅस जोडला. आणि आजची गटारव्यवस्था तरी निर्दोष कुठे आहे? हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारे 1993 आणि 2013 चे कायदे असूनही माणसे मॅनहोलमध्ये आणि सेप्टिक टाकीत गुदमरून मरतात. म्हणून अट एकच आणि तिला अपवाद नको: ताज्या मैल्याला माणसाचा हात लागता कामा नये. जी योजना ही अट पाळत नाही, ती बंद पाडावी.

तिसरा आक्षेप हिशेबाचा: एवढ्याशा खताने काय साधणार? भारतीय आहारावरून केलेल्या अंदाजानुसार एका माणसाच्या लघवीतून वर्षाला सुमारे 2.3 किलो नत्र बाहेर पडते. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात ते 20.7 किलो असते. म्हणजे नऊ माणसांमागे दरवर्षी एक पोते. याने सगळा युरिया सुटणार नाही, हे मान्य. पण लाखोंच्या शहराचा गुणाकार करून पाहा. युरिया स्वस्त वाटतो, कारण उरलेली किंमत सरकारी तिजोरी भरते. स्फुरद तर खडकातून खणावे लागते आणि आपण ते मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो. पालाश जवळजवळ सगळेच आयात होते. जर्मनीने 2017 च्या नियमांनी मोठ्या शुद्धीकरण केंद्रांना 2029 पासून गाळातले स्फुरद परत मिळवणे बंधनकारक केले, ते याच चिंतेतून.

एक मर्यादा मात्र निःसंशय आहे. कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या गाळात जड धातू येतात आणि तो शेतात जाऊ नये. यावर उपाय मैला नाकारण्याचा नाही, कारखान्यांचे पाणी वेगळे ठेवण्याचा आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. नव्या वसाहतींत, वसतिगृहांत आणि बसस्थानकांवर लघवी वेगळी साठवा. गावांत दोन खड्ड्यांचेच संडास बांधा. उपसा यंत्राने करा. प्रत्येक केंद्राच्या गाळाची तपासणी जाहीर करा आणि निर्दोष खताला बाजारात प्रमाणित खताचा दर्जा द्या. शेताने माणसाला दिलेले शेताला परत करणे हे उपकार नव्हेत. ती थकलेली परतफेड आहे, आणि ती सुरू करण्याची जबाबदारी शहरांची आहे.