उंचावरचे तळे कुणाचे?

एकट्याने डोंगर चढावा, निर्जन तळ्याकाठी तंबू ठोकावा, पहाटे गळ टाकावा आणि चार दिवस माणसाचे तोंड पाहू नये, या छंदाचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. एकांताला आमचा विरोध नाही. गर्दीने पिचलेल्या माणसाने चार दिवस स्वतःच्या सोबतीत काढले तर त्यात गैर काय? आमचा आक्षेप आहे तो या छंदाला चिकटलेल्या एका समजुतीला. 'आपण मानवाचा स्पर्श न झालेल्या निसर्गात गेलो आणि त्याने दिले तेवढेच घेतले', असे हा एकांडा गळकरी मानतो. ही समजूत खोटी आहे आणि तिची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजली आहे.

या छंदाचे एक माहेरघर म्हणजे अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा ही पर्वतरांग. तेथे हिमनद्यांनी कोरलेली हजारो तळी आहेत. सुमारे ६,००० फुटांच्या वरच्या जवळजवळ सर्व तळ्यांत मुळात मासाच नव्हता. वाटेतले धबधबे ओलांडून तो वर येणार कसा? एकोणिसाव्या शतकापासून माणसांनी तो खेचरांच्या पाठीवरून वर नेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानांतून माशांची पिले तळ्यांत ओतली जाऊ लागली. त्यांतला ब्रुक ट्राऊट त्या खंडाच्या पूर्व भागातला, तर ब्राऊन ट्राऊट युरोपातला. काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यातही ट्राऊट असाच ब्रिटिश अमदानीत शिकारीच्या हौसेपायी आणला गेला. तेव्हा आमचा एकांडा ज्याला निसर्गाची देणगी म्हणून तव्यावर टाकतो, तो मासा माणसाने तेथे सोडलेल्यांचा वंशज असतो.

मग त्या तळ्यांत आधी कोण राहत होते? पिवळ्या पायांचा डोंगरी बेडूक. त्याच्या शेपटीवाल्या पिलांना पूर्ण बेडूक व्हायला दोन ते चार वर्षे लागतात. म्हणून तळापर्यंत न गोठणारे खोल तळेच त्यांना हवे. माशालाही तेच हवे. ट्राऊटने ती पिले फस्त केली. १९२४ साली ग्रिनेल आणि स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञांनी योसेमिटीवरील आपल्या ग्रंथात हा धोका नोंदवला होता. तरीही त्या पर्वतातील राष्ट्रीय उद्यानांत मासे सोडणे थांबायला १९९१ साल उजाडले. २०१४ साली या बेडकाची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. तळ्यातले कीटक माशाने खाल्ले, तेव्हा काठावरच्या पाखरांचाही घास गेला.

आता काही तळ्यांतील मासे जाळी लावून काढले जात आहेत आणि त्यावर गळकऱ्यांची तक्रार आहे. बेडूक बुरशीच्या रोगाने मरतात, माशांना दोष का, असे ते विचारतात. रोग खरा आहे, भयंकरही आहे. पण तो असतानाही, मासे सोडणे थांबल्यानंतर योसेमिटीत दोन दशकांत बेडकांची संख्या सुमारे सातपट वाढली, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दोन ओझ्यांपैकी एक उतरले तरी वाहणारा तग धरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मासाही जीवच, त्याला का मारावे? हा प्रश्न आम्ही झटकून टाकणार नाही. मात्र तो गळ हातात घेऊन विचारू नये. आणि या माशाला जगात इतरत्र घरे आहेत. त्या बेडकाला त्या पर्वतांपलीकडे घर नाही.

सगळीच तळी रिकामी करा, असे कुणी म्हणत नाही. मासे काढले जातात ते मोजक्याच तळ्यांतून. तेवढ्यांवरही ज्याला पाणी सोडवत नाही, त्याने निसर्गप्रेमाची भाषा करू नये. एकट्याने जायचे ते शांततेसाठी ना? मग बिनमाशांच्या तळ्याकाठीही तंबू ठोकता येतो. तेथे गळ टाकायला काही नसेल, पण बर्फ वितळल्यावर काठाच्या दगडांवर ऊन खात बसलेले बेडूक दिसतील. त्या पाण्याचे खरे धनी तेच.