गॅसवरचा फ्रिज आणि जुगाडाची सवय

चेन्नईत पोस्टिंग होऊन दीड वर्ष झालं. सेंट थॉमस माउंटजवळ, इथल्या भाषेत परंगीमलईजवळ, आमचं क्वार्टर आहे. मी ईएमईचा माणूस, त्यामुळे रविवारी कुणाचा ना कुणाचा मिक्सर नाहीतर स्कूटर दारात येतेच. गेल्या महिन्यात आली ती अख्खी मॅटाडोर!

आमचे सुभेदार साहेब आता रिटायर होतायत. सातारा जिल्ह्यातले. पुण्याच्या आकुर्डीत बनलेली जुनी मॅटाडोर त्यांनी हौसेनं घेतली, आत पलंग आणि ओटा केला. नातवाला घेऊन रमतगमत गावी जायचं, असा बेत. पुदुपेटच्या जुन्या बाजारात त्यांना एका परदेशी गाडीतून काढलेला गॅसवर चालणारा फ्रिज मिळाला. तोच थंड होत नव्हता.

असा फ्रिज आपल्याकडे फार जणांनी पाहिलेला नसतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली छोटी ज्योत, तिच्या उष्णतेनं अमोनिया पाण्यातून सुटतो, फिरतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. १९२२ साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे डोकं चालवलं. फिरणारा एकही भाग नाही, म्हणून आवाज नाही. पण नखरे आहेत.

पहिला नखरा, तो समतल हवा. गाडी तिरकी उभी असेल तर आतलं द्रव अडकतं आणि गारवा येत नाही. दुसरा, मागच्या बाजूनं हवा खेळली पाहिजे. चेन्नईच्या मे महिन्यात तर फारच. तिसरा, बर्नर आणि त्यावरची चिमणी काजळी-गंजानं तुंबते. इथल्या खाऱ्या हवेत गंजाला काय तोटा! ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की काहीतरी चुकतंय. आणि अमोनियाचा उग्र वास आला, तर फ्रिज फुटलाय समजा. तो दुरुस्त करत बसू नका.

समतल केला, चिमणी ब्रशनं साफ केली. ज्योत निळी, पण मरतुकडी. मग मागची पाटी पुसली, तर लिहिलेलं ५० मिलिबार. आपला घरगुती रेग्युलेटर देतो साधारण ३०. साहेबांची शेगडी ३० ची, फ्रिज ५० चा. दोघांचा एक रेग्युलेटर होणं शक्यच नाही.

बाजारातल्या मेकॅनिकनं तोपर्यंत तोडगा सांगून टाकला होता: हॉटेलच्या भट्टीला लावतात तो हाय प्रेशरचा रेग्युलेटर बसवा, काम झालं. साहेबांनी तो आणूनही ठेवला होता. मी म्हटलं, "साहेब, हा लावायचा नाही." ते चिडले. "अरे, तीस वर्षं नोकरी झाली माझी. तू मला शिकवतोस?"

खरं सांगतो, मला पटकन बोलता येईना. कारण पाच वर्षांपूर्वी मीच सिलिंडरची गळती काडी पेटवून बघितली होती. भुवया जळण्यावर निभावलं. तेच त्यांना सांगितलं. गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. घरात तो दाराखालून थोडाफार निघून जातो, मॅटाडोरच्या खोलगट तळात साठून राहतो. त्याच तळावर नातू झोपणार. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तो रेग्युलेटर परत करा."

माझं मत स्पष्ट आहे. जुगाडाचं आपण फार कौतुक करतो. पंखा, सायकल, दाराची कडी यांत जुगाड चालतो, कारण चुकला तर काम अडतं. गॅसमध्ये चुकला तर माणूस जातो. रायफल हातात घेतली की आधी चेंबर बघायचं, हे आपल्या हाडात भिनलंय. पण घरच्या गॅसच्या नळीवर किती साल छापलंय, हे किती जणांना माहीत आहे? ती नळी पाच वर्षांत बदलायची असते. सिलिंडरच्या कड्याजवळ ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि साल असतं. ती त्याच्या पुढच्या तपासणीची तिमाही. गळती साबणाच्या पाण्यानं बघायची, काडीनं कधीच नाही. वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा.

युनिटच्या परिवार कल्याण मेळाव्यात पाककृती होतात, रांगोळी होते. त्यात पंधरा मिनिटं या गोष्टींना द्यावीत. वर्षातले सहा-सहा महिने घर एकट्या बाईच्या हवाली असतं, हे विसरू नका.

मॅटाडोरचं काय झालं? फ्रिजची गॅसलाइन कायमची बंद केली. त्याला विजेवर चालायची सोय होती, मुक्कामी प्लग मिळाला तर चालेल. शेगडीला नवी नळी, सिलिंडर उभा, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, कप्प्याच्या तळाला हवेचं भोक. गाडी चालू असताना गॅस बंद. रस्त्यात दुधासाठी बर्फाची पेटी. मरीनाजवळच्या आइस हाउसमध्ये १८४२ पासून अमेरिकेतून जहाजानं आणलेला बर्फ ठेवत, तेव्हाही मद्रासचं भागत होतंच की.

साहेब अजून थोडे रुसलेत. चालेल. आज रात्री जेवण झाल्यावर नळीवरचं साल तेवढं बघा.

जय हिंद.